पहिला चमचा बर्फ

"ओत," सर म्हणाले. "सगळं बेसिनमध्ये ओत. आत्ता. माझ्यासमोर."

मी डबा धरून उभी. भोवती नागपूरहून आलेले पाहुणे, त्याईचे विद्यार्थी, आमच्या कॉलेजचे दोन प्राध्यापक. दाराशी रफिकभाऊ, आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस. डब्यात लहान लहान काचेच्या कुप्या होत्या. एकेका कुपीत चमचाभर राखाडी बर्फ. प्रत्येकीवर माह्या अक्षरात तारीख.

"सर, हे नमुने आहेत," मी म्हटलं.

"नमुने?" सर पाहुण्यांकडे वळले. "ऐका हं. ही मुलगी प्रत्येक नमुन्यातला पहिला चमचा बाजूला काढून ठेवते. का? तर यांच्यात पहिला घास देवाला द्यायची पद्धत आहे. आणि ठेवते कशात? जनावरांच्या दवाखान्यातून आलेल्या जुन्या डब्यात. बैलांच्या डब्यात देवाचा प्रसाद!"

सगळे हसले. एक पोट्टी तर भिंतीले टेकून हसत होती. अन् मग मीबी हसली. हौ, मीबी. आजबी ते आठवलं की अंगाचा तिळपापड होते. त्या लोकांचा कमी, स्वतःचाच जास्त राग येते.

मी एकेक झाकण काढत गेली. बर्फ बेसिनमध्ये पडे, थोडा वाफाळे, मग त्याचं पाणी होई, अन् मागं राखेची काळी रेघ राही. नळ सोडला. रेघ गेली. शेवटची कुपी रिकामी झाली तसं सर म्हणाले, "शाबास, गडचिरोली!"

गडचिरोली हे माहं नाव नाई. जिल्ह्याचं आहे. पण तीन वर्षं त्या प्रयोगशाळेत मले त्याच नावानं हाक होती. "गडचिरोली, चहा सांग." "गडचिरोली, फाईल आण." मी म्हणे, "हो सर."

माहं गाव आलापल्लीच्या पुढं, पक्की सडक संपते तिथून आत. आम्ही माडिया आदिवासी. आश्रमशाळेत शिकली, मग चंद्रपूरले आली, फिजिक्स घेऊन एम.एस्सी. केलं. तेव्हाच हे सर चंद्रपूरच्या कॉलेजात एक मोठा प्रकल्प घेऊन आले. पुण्याकडचे. परदेशात राहून आलेले. मागास भागात विज्ञान न्यायचं, असं पेपरात बोलत. त्याईले प्रकल्पासाठी सहायक पाहिजे होता. मले घेतलं. पुढं पीएच.डी.ची नोंदणीबी त्याईच्याच हाताखाली व्हायची होती. एक फॉर्म होता, त्यावर सरांची सही पाहिजे होती. तीन वर्षं तो फॉर्म त्याईच्या कपाटात पडून राह्यला. मी विचारलं की म्हणत, "करू, करू. पळून जातोय का मी?"

काम काय, तर बर्फ. बाप्पा, चंद्रपुरात बर्फ! मे महिन्यात इथी डांबर चपलेले चिकटते, अन् आम्ही आत बसून खलबत्त्यात बर्फ कुटून राह्यलो.

गंमत वाटते ऐकाले, पण कामाची गोष्ट सांगते म्हटलं तर अशी. गुरू-शनीचे चंद्र आहेत, त्याईच्याबी पलीकडं अंधारात फिरणारे लहान लहान गोळे आहेत. त्याईच्या अंगावर बर्फ आहे. पण पांढराशुभ्र नाई, मळका. तिथी जाऊन चिमूटभर आणता येत नाई. म्हणून दुर्बिणीतून त्याचा उजेड पाहातात, अन् आपण इथी तसाच मळका बर्फ बनवून दोन्ही उजेड ताडून पाहातो. बर्फ उजेडातला काही भाग गिळते. जेवढा गिळला तेवढा आलेखाच्या रेघेत खळगा पडते. खळगा कुठी पडला त्यावरून समजते, तिथी पाणी आहे की मीठ की कोळशासारखं काही. कोट्यवधी मैलांवरच्या चंद्राची कातडी कशी आहे ते एका वाकड्या रेघेवरून सांगता येते. मले ते फार आवडलं होतं. खरं सांगते, जीव जडला होता त्या कामावर.

मळ म्हणून सर ऊर्जानगरच्या वीज केंद्राकडची कोळशाची राख वापरत. रफिकभाऊ पोतं भरून आणत. बर्फ थंड ठेवाले द्रव नायट्रोजन लागे, तो जनावरांच्या दवाखान्याले देणारी गाडीच आमच्याकडंबी भरून देई. कुटाचं काम माहं. थंडीनं बोटं बधिर होत, हातमोज्यातूनबी. कुटाचं, चाळणीतून चाळाचं, बारीक वेगळं, जाड वेगळं. दाणा मोठा झाला की खळगा बदलते, म्हणून चाळणी नीट पाहिजे. सूप-चाळणीत माहा हात लहानपणापासून बसलेला.

अन् तिथीच ती चूक झाली. चूक म्हणा की सवय म्हणा.

आमच्यात नवं काहीच थेट तोंडात घालत नाई. नवं मोहफूल असो, नवा आंबा असो, नवं धान असो. पहिले पंडुम होते, म्हणजे नव्याचा सण, गाव मिळून. पहिला वाटा बाजूले निघते, जे आपल्या आधी होऊन गेले त्याईचा. मग आपण खायचं. तर प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मी राख अन् बर्फ कुटून चाळला, अन् मोजणीच्या लोखंडी पेटीत घालाच्या आधी हातानं आपोआप चमचाभर बाजूले काढला. काढून झाल्यावर मले समजलं मी काय केलं ते. हसू आलं. पण कुपीत भरला, तारीख टाकली, जनावरांच्या दवाखान्याच्या भंगारातून आलेला जुना डबा होता, पहिले त्यात बैलांचं बी गोठवून ठेवत, त्यात नायट्रोजन ओतून ठेवला. पुढं दरवेळी ठेवत गेली. देवासाठी ठेवत होती का? तसं नाई. अजिबात देवासाठी नव्हतं का? तेबी खरं नाई. रफिकभाऊले एकदा सांगतलं. त्यानं हसत हसत चहाच्या वेळी सरांले सांगतलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

आता वीज गेली तो दिवस सांगते.

मुंबईहून मोठे अधिकारी पाहाले आले होते. आमच्या लोखंडी पेटीत नमुना ठेवून पंपानं आतली हवा काढून घेत, कारण अवकाशात हवा नाई. पंपात तेल असते. पंप चालू असला तर ठीक. बंद पडला अन् मधला व्हॉल्व उघडा राह्यला, तर पेटीच उलटं तेल ओढून घेते. थंड बर्फावर तेलाचा पातळ थर बसते, डोळ्याले दिसत नाई. हे काही मोठं ज्ञान नाई. यंत्राच्या पुस्तकात तिसऱ्या पानावर लिहिलेलं आहे.

सर बोलत होते अन् वीज गेली. जिथी वीज बनते त्या शहरात वीज गेली. पंपाचा आवाज बसला. मी उठली, व्हॉल्ववर हात ठेवला.

"सर, व्हॉल्व बंद करू का? तेल आत येईन."

सरांनी माह्याकडं पाह्यलंबी नाई. "तू तुझं कुटायचं बघ. यंत्राला हात लावायचा नाही." मग अधिकाऱ्यांले म्हणाले, "हात मात्र चांगले असतात हो यांचे. कुटण्या-कांडण्याची सवय असते ना पिढ्यान्‌पिढ्या."

मी हात मागं घेतला. बसली खलबत्त्यापुढं. रफिकभाऊ पंपापाशीच उभा होता, त्यानं ऐकलं, मीबी त्याच्याकडं पाह्यलं. वीज बऱ्याच वेळानं आली. तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आलेखात नवा खळगा. आधी कधी न दिसलेला. दूरच्या काळ्या गोळ्यांवर जसा दिसते, अगदी त्याच जागी. सरांनी टाळीच वाजवली. म्हणाले, राख अन् बर्फ मिळून काहीतरी नवीन बनलं, जे तिकडं बनत असन तेच. मी सगळे गेल्यावर त्याईच्या खोलीत गेली.

"सर, तेलाचा खळगाबी याच जागी पडते."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे, सर. पंप साफ करून त्याच नमुन्याच्या पहिल्या चमच्यातला बर्फ पाहू. तो पेटीत गेलाच नाई. खळगा राखेचा असन तर त्यातबी दिसन. एका दुपारचं काम आहे."

"बघू," सर म्हणाले.

ते बघू कधी झालंच नाई. पंप साफ झाला, पुढचं काम सुरू झालं, पण माही कुपी पेटीत जाईना. मले एकटीले यंत्र चालवाची परवानगी नव्हती. दोनदा आठवण दिली. दुसऱ्या वेळी म्हणाले, "गडचिरोली, देवाचा प्रसाद यंत्रात घालायचा नसतो." पावसाळ्यात सरांचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. पेपरात फोटो आला. लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळीत मी होती, नावाशिवाय, "नमुने तयार करण्यात सहायकाची मदत झाली." अन् हिवाळ्यात ते नागपूरचे पाहुणे आले. सर त्याईले प्रयोगशाळा दाखवत होते, कोपऱ्यातला जुना डबा दिसला, झाकण उघडलं. पुढचं मी पहिलेच सांगतलं.

मले माहीत होतं मी काय ओतून राह्यली ते. माहीत असून ओतलं.

मग होळीच्या आधी ते पत्र आलं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं लिहिलं होतं, तुम्ही पाठवलेल्या राखेचा बर्फ आम्ही बनवला, तो खळगा काही येत नाई. सरांनी कळवलं, ती राख दुसऱ्या पोत्याची होती. त्याईनं विचारलं, मग मूळच्या नमुन्यातलं काही शिल्लक आहे का? असन तर पाठवा, आम्ही तपासतो.

सर स्वतः माह्या टेबलापाशी आले. त्या दिवशी त्याईनं मले माह्या नावानं हाक मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आवाजबी मऊ.

"तू ते पहिले चमचे ठेवायचीस ना? त्यातलं काही उरलंय का?"

मले आधी वाटलं थट्टाच करून राह्यले. मग तोंड पाह्यलं. घाम आला होता.

"सर, तुम्ही ओताले लावलं."

"सगळं? एकही नाही ठेवलंस?"

"तुमच्यासमोरच ओतलं, सर."

अन् मग ते काय म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाई. म्हणाले, "मी म्हणालो म्हणून तू ओतलंस? वैज्ञानिक व्हायचंय ना तुला?"

हसणारेबी तेच, ओताले लावणारेबी तेच, अन् काऊन ओतलं म्हणून विचारणारेबी तेच. आपण कुठी उभं राहावं मग?

चार दिवसांनी सरांनी मले खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माहा पीएच.डी.चा फॉर्म, सगळा भरलेला. दुसरं एक पत्र, माह्या नावानं टाइप केलेलं. त्यात लिहिलं होतं, वीज गेल्यावर व्हॉल्व बंद करण्यात माझ्याकडून हलगर्जी झाली, त्यामुळे नमुना खराब झाला, ही बाब मी सरांपासून लपवून ठेवली.

"दाखवायला नमुनाच नाही, तेव्हा लेख मागे घ्यावाच लागणार," सर म्हणाले. "पण शिकाऊ मुलीची चूक म्हटलं की कुणी काही म्हणत नाही. तुला कोण ओळखतंय? दोन दिवस घरी जाऊन ये. सोमवारी दोन्हींवर सह्या करू. आधी तुझी, मग माझी."

खरं सांगते, मी सही करणार होती. मनातल्या मनात करूनबी टाकली होती. एक पत्र तर आहे, नाव इंग्रजीत कुठीतरी छापून येईन, आमच्या गावात कोण वाचते? फॉर्म तर निघन. डॉक्टर म्हणतीन मले. बस स्टँडवर रफिकभाऊ सोडाले आला होता. म्हटलं, "भाऊ, तुम्ही ऐकलं होतं ना, मी काय विचारलं होतं ते?"

तो मान खाली घालून म्हणाला, "सुना था बेटा. पन माहं कंत्राट हाय. दर सालाले सरच सही करते." मग माही पिशवी बसमध्ये ठेवत म्हणाला, "मले माफ कर." मी म्हटलं, "जाऊ द्या भाऊ." माहंबी तर कंत्राटच होतं.

गावाले पोचली तर मोहाचे दिवस. माय पहाटेपासून झाडाखाली. मीबी टोपली घेऊन तिच्यासंगं वेचाले बसली. वेचता वेचता सगळं सांगतलं. माय माडियात बोलते, मी इथी मराठीत सांगून राह्यली. खळगा, पंप, तेल हे तिले काय समजणार असं वाटलं होतं. पण तिनं मधे एकच गोष्ट विचारली.

"पहिला वाटा वतला कोनं?"

"सरनं ओताले लावला."

"हात कोनाचा होता?"

"माहा."

तिचा वेचणारा हात थांबला. मले वाटलं रागावन. तिनं टोपली बाजूले ठेवली. मग म्हणाली, "तू त्याले 'नाई' म्हटलं होतं का?"

मी आठवू लागली. नमुने आहेत, असं म्हटलं होतं. बंद करू का, असं विचारलं होतं. पंप साफ करून पाहू, म्हटलं होतं. हो सर म्हटलं होतं, कितीदा तर मोजता येत नाई. पण नाई? तीन वर्षांत एकदाबी नाई. एका शब्दाचं काम होतं अन् मी वाकून वाकून विचारतच राह्यली.

"नाईच म्हटलं नाई मी," मी म्हटलं. रडूच फुटलं मले.

मायनं जवळ घेतलं नाई की डोळे पुसले नाई. ती पुन्हा वेचाले लागली. म्हणाली, "तो सांगते अन् तुहा हात करते. वतलं बी तूनंच. आता लिहून बी तूच देशीन. मंग त्याचं काय जाते?"

दिवसभर मी तिच्याशी बोलली नाई. राग आला होता तिचाबी. शिकलेल्या लेकीले असं बोलाचं असते का? पण झोपेपर्यंत तेच कानात. मंग त्याचं काय जाते.

सोमवारी सरांच्या खोलीत दोन्ही कागद तसेच. पेन वर ठेवलेला. रफिकभाऊ चहा ठेवून जात होता.

"नाई, सर," मी म्हटलं.

"काय नाही?"

"सही करणार नाई. व्हॉल्व बंद करू का म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही यंत्राले हात लावू नको म्हटलं."

सर हसले. "साक्षीदार आहे कुणी?"

रफिकभाऊ ट्रे घेऊन दारातच थबकला. तो फरशीकडं पाहात उभा राह्यला. मीबी त्याच्याकडं पाह्यलं नाई, मुद्दाम. त्याच्या घरी तीन लेकरं आहेत.

"विचार कर," सर म्हणाले. "तुमच्यासारख्यांना अशी संधी पुन्हा मिळत नसते. आणि पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

"पुरावा होता, सर. त्यावर तुम्ही हसले होते."

सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाई. दुसऱ्या दिवशी माह्या टेबलाले कुलूप होतं, अन् फॉर्म कपाटातून कुठी गेला ते मले आजवर माहीत नाई.

लेख मागं घेतला गेला. कारण छापून आलं, शिकाऊ सहायकाकडून नमुना हाताळण्यात चूक झाली. माही सही लागलीच नाई त्यासाठी. नावबी नाई लिहिलं. गरजच काय? सहायक एकच होती. मी नियतकालिकाले लिहिलं, त्याईनं गोड भाषेत उत्तर दिलं की हा तुमच्या संस्थेचा विषय आहे. संस्थेत समिती बसली. त्याईनं विचारलं, पुरावा? मी म्हटलं, बेसिनमध्ये गेला. एक जण खोकला, एकानं घड्याळ पाह्यलं. झालं. सर आजबी तिथीच आहेत. त्याईच्या हाताखाली आता दुसरी एक पोरगी बर्फ कुटते, भामरागडकडची आहे म्हणतात.

मी राजुऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पोरांले धूमकेतू सांगते. अन् जिथी जिथी ग्रहांच्या कामाची जागा निघते तिथी अर्ज करते. दोन ठिकाणी मुलाखत झाली. दोन्हीकडं एकच प्रश्न. आधीचं काम काऊन सोडलं? पहिल्या ठिकाणी मी म्हटलं, घरगुती कारण. म्हणून झालं अन् स्वतःचीच किळस आली. दुसऱ्या ठिकाणी खरं सांगतलं. समोरच्या मॅडम कागद चाळत म्हणाल्या, "म्हणजे ती तुम्हीच का?" दोन्हीकडं घेतलं नाई.

आता तिसरं बोलावणं आलं आहे. रफिकभाऊचा फोन आला होता. "बेटा, इस बार चूप रह. पहले नोकरी पक्की कर, बाद में बोल." तो माह्या भल्याचंच सांगून राह्यला. शाळेतले गुरुजीबी तेच म्हणतात. सगळ्याईचं बरोबर असन. खरं बोलून मले जागा मिळन असं मलेबी वाटत नाई. त्या माणसाचं काही वाकडं होईन असंबी वाटत नाई.

पण यावेळी मी त्याईच्या प्रश्नाची वाट पाहणार नाई. खुर्चीत बसल्याबरोबर त्या माणसाचं पूर्ण नाव घेईन, कॉलेजचं नाव घेईन, खोली सांगीन, पेटी सांगीन, कोण कोण हसत उभं होतं ते सांगीन. मग नसन घ्याचं तर नका घेऊ. चौथ्या ठिकाणी तेच सांगीन. दहाव्या ठिकाणीबी तेच. माह्या नावापुढं त्यानं त्याची चूक लिहून ठेवली आहे ना? मग जिथी जिथी माहं नाव जाईन, तिथी त्याचं नाव मी सोबत नेईन.